लेकराच्या इसबावर साधी पांढरी पेट्रोलियम जेली : आठ महिने रोज लावल्यावर सांगते

मेडिकलमध्ये व्हॅसलीन मागितलं की जे हातात देतात तेच हे, पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही कारण मी तीन कंपन्यांची वापरली आणि मला काहीच फरक दिसला नाही, फक्त वासवाली नको, कोरफडवाली नको, बदामवाली नको, डब्यावर घटकांत एकच नाव पाहिजे. जानेवारीपासून आता सप्टेंबर लागला, एक दिवस खाडा नाही. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे आणि आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाण पट्ट्यात. पाण्याचं पुढे सांगते, त्यावरून घरी खूप झालं.

आधी काय झालं ते सांगितल्याशिवाय या डब्याची किंमत कळणार नाही. पोरगं आषाढातलं. तीन महिने एकदम छान होता, मग दिवाळीच्या आसपास गाल खरखरीत झाले, लाल लाल, मग कपाळ, मग डोक्यात खपल्या, मग हातापायाच्या बाहेरच्या बाजूला. लंगोटाच्या जागी मात्र काहीच नाही, तिथली चामडी लोण्यासारखी. (डॉक्टरांनी नंतर सांगितलं की लहान बाळाचा इसब असाच असतो, लंगोटाची जागा बहुतेक सुटते, ती ओली राहते न.) रात्री झोपच नाही. गाल चादरीवर घासायचा, माझ्या छातीवर घासायचा, दूध पितानासुद्धा एक हात कानामागे खाजवून राहायचा आणि सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके. तेव्हा कापूस वेचणी चालू, घरातले सगळे दिवसभर वावरात, मी एकटी लेकराला मांडीवर घेऊन त्याचे दोन्ही हात धरून बसायची. हात धरले की तो रडायचा, सोडले की ओरबाडायचा.

मग ज्याने पाहिलं त्याने एक एक सांगितलं. नजर लागली. गरमी आहे. खरूज आहे, दुसऱ्या पोट्ट्यांजवळ नेऊ नका. मालिशवाली आजी डाळीचं पीठ, हळद आणि साय घालून उटणं लावायची आणि अंग रगडून कढत पाण्याने आंघोळ घालायची, वरून ओव्याची धुरी. ती आजी खूप मायेची, माझ्या नवऱ्यालाही तिनेच न्हाऊ घातलं, तिला नाही म्हणायला मला महिना लागला. पण प्रत्येक उटण्यानंतर पोराचे पाय उकडलेल्या बिटासारखे लाल व्हायचे हे मी डोळ्याने पाहत होती. कडुनिंबाचा पाला उकळून झाला, त्याने चरचरायचं. आंघोळीच्या पाण्यात जखम धुवायचं औषध टाकून झालं, त्याने अजूनच सुकून कातडीला भेगा पडल्या.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे माझं पथ्य. सासूबाई म्हणाल्या, "दूध पाजणारीनं वांगं खाल्लं का लेकराच्या अंगावर निघतेच वं, सोड तू ते." त्यांनी वाईट बुद्धीने सांगितलं नाही, त्यांच्या सासूनेही त्यांना तेच सांगितलं असणार. मग वांगं गेलं. मग तुरीची डाळ गेली. मग दाणे, दही, ताक, आंबाडीची भाजी, टमाटे, शेवटी दूधही. अडीच महिने मी ज्वारीची भाकर, मुगाचं पातळ वरण आणि दोडक्याची भाजी एवढ्यावर काढले. पोराचं अंग होतं तसंच. माझे केस गळून राहिले, उभं राहिलं की अंधारी यायची, हिमोग्लोबिन आठवर आलं आणि दूध कमी झालं म्हणून अजून टेन्शन. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही पण जी कोणी आता असंच पथ्य पाळून राहिली असेल तिने हे वाचावं म्हणून लिहिते.

डिसेंबरात एका मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, चिठ्ठी नाही काही नाही, "हे लावा, तीन दिवसात साफ". खरंच तीन दिवसात गाल गोरेपान. मी तर देवापुढे साखर ठेवली. लावणं बंद केलं आणि आठव्या दिवशी दुप्पट आलं. पुन्हा लावली, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. असं महिनाभर. नंतर कळलं की त्या ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉईड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं, आणि असलं स्टेरॉईड सहा महिन्यांच्या लेकराच्या गालावर लावायचं नसतेच, चामडी पातळ होते, लाल बारीक शिरा दिसायला लागतात. २०१८ साली सरकारने चामडीवर लावायची बरीच स्टेरॉईडं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता मी कोणतीही ट्यूब घेतली की आधी खोका फिरवून बारीक अक्षरं वाचते, नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सॉल" दिसलं, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, की थांबते आणि विचारते.

जानेवारीत, पोरगं सहा महिन्यांचं झाल्यावर, अमरावतीला चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. पहाटेच्या एसटीने, त्याला माझ्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून. त्या बाईंनी पोराचं अख्खं अंग उघडं करून पाहिलं, पाठ, कानामागे, मांड्या, मग विचारलं की घरात कोणाला दमा, शिंका, असं काही आहे का. माझ्या वडिलांना दमा आहे आणि यांना दरवर्षी हरभऱ्याच्या वेळेस शिंकांचा त्रास. म्हणाल्या, "मग हे तिथूनच आलेलं आहे ताई, तुमच्या ताटातून नाही आलं." मी तिथेच रडली.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपली चामडी म्हणजे विटांची भिंत समजा, विटांच्या मधला गारा म्हणजे चामडीतलं तेल. या लेकरांच्या भिंतीत गारा जन्मतःच कमी असतो, काही जणांत तर फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन बनवणारा जीनच नीट काम करत नाही. गारा कमी म्हणजे आतली ओल बाहेर उडून जाते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात, मग आतून आग होते, खाज येते, खाजवल्याने भिंत अजून फुटते. म्हणून पहिलं काम भिंत लिपणे. रोज. चामडी चांगली दिसली तरी लिपणे. आमच्या जुन्या घरी मातीच्या भिंती दर सणाला लिपाव्या लागायच्या, मला ते लगेच कळलं.

आता डब्याबद्दल. जेली स्वतः ओल देत नाही, ती फक्त झाकण आहे. म्हणून कोरड्या अंगावर लावली तर नुसता चिकटपणा, फायदा कमी. आंघोळ झाली की टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, अंग अजून दमट असतानाच तीन मिनिटांच्या आत लावायची. मी डबा न्हाणीतच ठेवते, पोराला खोलीत नेऊन मग डबा शोधत बसलं तर वेळ गेलीच. दोन तळव्यात घेऊन आधी वितळवायची आणि केसांच्या दिशेने वरून खाली हात फिरवायचा, चोळायचं नाही, चोळलं तर केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात, मला एकदा आल्या त्याच्या मांडीवर.

किती लावायची हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच मी आधी चुकत होती. मी बोटाला लागेल तेवढीच लावायची, टिकली लावावी तशी. डॉक्टर म्हणाल्या आठवड्याला साधारण शंभर ग्राम संपली पाहिजे. शंभर ग्राम! मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण खरंच तेवढी लागते, दिवसातून तीन-चार वेळा, लावल्यावर अंग चकाकलं पाहिजे. यांना पहिल्या महिन्यात वाटायचं की मी डबा खाऊन राहिली का काय. म्हणून छोटी डबी घेऊच नका, महाग पडते, मोठा डबा घ्या. आणि बोटं बुडवायची नाहीत डब्यात, घरातल्या प्रत्येकाचे हात जातात मग जंतू जातात, मी एक स्टीलचा चमचा फक्त त्याचाच ठेवला, रोज उकळते.

फरक कधी दिसला? खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस जेलीने नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मलमाने आराम पडला. त्यांनीही स्टेरॉईडच दिलं, पण सगळ्यात सौम्य, हायड्रोकॉर्टिसोन एक टक्का, चेहऱ्यावर पाच दिवस, हातापायावर आठ दिवस, मग बंद. ते ऐकून मी घाबरली होती, त्या ट्यूबचा अनुभव ताजा. त्यांनी बोटाचं माप दाखवलं, मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते ती अर्धा ग्राम, आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. आगीसाठी मलम आणि भिंतीसाठी जेली, दोन्हीची कामं वेगळी. मलम बंद झाल्यावर आधी आठ दिवसात पुन्हा यायचं, या वेळेस जेली चालू होती म्हणून सात आठवडे आलं नाही. तिथे मला या डब्यावर विश्वास बसला. तुमच्या लेकराला किती मलम, किती दिवस, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, माझं पाहून लावू नका.

दुसऱ्या वेळेस मार्चमध्ये थोडं आलं, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत, दोन दिवस मलम आणि गेलं. जूनमध्ये एकदा. बस्स. रात्री आता सलग पाच तास झोपते लेकरू. हे लिहितानाही बाजूला झोपलेलं आहे, तोंड उघडं टाकून.

पाण्याचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आणि जड, साबणाला फेसच येत नाही म्हणून मग बायका साबण जास्त घासतात आणि तो चामडीवर बसून राहतो. प्यायला नळाचं येते पण रोज नाही, वापरायला बोअरच. यांच्या डोक्यात बसलं की सगळं या पाण्यानेच होऊन राहिलं, आणि पाणी मऊ करायचं मशीन घ्यायला निघाले, हजारोंची गोष्ट, सोयाबीनचे पैसे आले होते न तेव्हाच. डॉक्टर म्हणाल्या थांबा. जड पाण्याच्या भागात इसब जास्त दिसतो हे खरं आहे, पण इंग्लंडमध्ये ३३६ लेकरांवर अभ्यास झाला, अर्ध्या घरांत पाणी मऊ करायचं मशीन बसवून बारा आठवडे पाहिलं, २०११ मध्ये त्याचा निकाल आला, आणि ज्यांचा इसब आधीच होता त्यांना मशीनने काही जास्त फायदा झाला नाही. ते पैसे वाचले. आम्ही फक्त शेवटचा एक तांब्या नळाच्या पाण्याचा ओततो आणि साबण बदलला. साध्या साबणाचा पीएच (आंबट-खारेपणाचं माप) नऊ-दहा असतो आणि चामडीचा साडेपाचच्या आसपास, म्हणून सिंडेट बार मागायचा, म्हणजे साबण नसलेली सौम्य वडी, मेडिकलमध्ये त्याच नावाने मिळतो, आणि तोही फक्त मान, काखा, लंगोटाची जागा इथेच. बाकी अंगाला नुसतं कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं. कपडे धुताना पावडर दोनदा खळखळून काढते.

तेलाचं सगळेच विचारतात. खोबऱ्याचं तेल चांगलं आहे, फिलिपिन्समध्ये लेकरांवर आठ आठवडे पाहिलेलं आहे की कच्च्या खोबरेल तेलाने सौम्य-मध्यम इसबात चामडीची ओल टिकली. मीसुद्धा डोक्यातल्या खपल्यांना तेच लावते. पण अंगाला लावलं तर आमच्याकडच्या हिवाळ्यात ते दोन तासात नाहीसं होते, जेली टिकते. मोहरीचं तेल नको, ऑलिव्हचं महागडं तेल कोणी शहरातून आणून दिलं तरी नको, त्याने चामडीची भिंत उलट कमजोर होते. आणि शेंगदाण्याचं तेल तर या लेकरांच्या फुटलेल्या चामडीवर अजिबात नको, त्याचं कारण जेवणाजवळ सांगते. वासाचं बेबी लोशन मी एक वापरलं होतं, पातळ, लावलं की तो रडायचा. ज्याच्यात पाणी जास्त त्याच्यात टिकवायची औषधंही जास्त, ती उघड्या चामडीला झोंबतात. जेलीत पाणीच नाही म्हणून झोंबत नाही, हा तिचा मोठा गुण.

आता उणिवा, त्याही खऱ्या आहेत. पहिली उन्हाळा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी जेली लावली की घाम आत अडकतो आणि घामोळ्या येतात, घामोळ्यांची खाज वेगळी आणि इसबाची वेगळी पण लेकराला त्याचं काय, तो ओरबाडतोच. एप्रिल ते जून मी दिवसा डॉक्टरांनी लिहून दिलेली बिनवासाची क्रीम लावली, ती शंभर ग्रामला जेलीच्या कितीतरी पट महाग, आणि जेली फक्त रात्री कूलर लावून. दुसरं, धूळ चिकटते. अंगणात मळणीचं मशीन चालू असताना जेली लावलेलं पोरगं बाहेर आणलं तर कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, अंगभर चिकटते आणि खाजच खाज, तेव्हा दार लावून आत. तिसरं, लेकरू निसटते, खरंच हातातून निसटते, आंघोळीनंतर जमिनीवर बसूनच लावा, उभ्याने नाही.

चौथी उणीव फार कमी लोक सांगतात आणि खेड्यात ती सगळ्यात मोठी आहे. जेली म्हणजे पॅराफिनच. ती कपड्यात, चादरीत, गोधडीत मुरते आणि धुतल्यावरही पूर्ण जात नाही, आणि असं कापड आगीजवळ गेलं तर साध्या कापडापेक्षा लवकर पेट घेते. इंग्लंडमध्ये यामुळे लोक भाजून मेलेले आहेत, तिथल्या सरकारने इशारे काढले. आमच्याकडे चूल, शेगडी, देवापुढचा दिवा, बिडी पिणारे आजोबा, सगळंच. आमच्या घरी आता लेकराला घेऊन चुलीजवळ कोणी बसत नाही, त्याची झोळी दिव्याच्या कोनाड्यापासून लांब बांधली, आणि शेक-धुरी पूर्ण बंद, धुराने तसाही त्रास होतोच. कृपा करून हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नीट समजावून सांगा.

आणि हा डबा कुठे कामाचा नाही तेही लिहिते. चामडीतून पिवळं पाणी येऊन पिवळ्या खपल्या धरल्या, जागा गरम लागली, तर जंतू झाले आहेत, तिथे औषध लागते. आणि ताप येऊन एकसारखे छोटे खड्डे पडल्यासारखे फोड अंगभर दुखायला लागले तर त्याच दिवशी दवाखाना, ते नागिणीसारख्या विषाणूचं असू शकते आणि या लेकरांत ते भराभर पसरते. म्हणून ज्याच्या ओठावर ताप उतरल्याचे फोड आलेत त्याने बाळाचा मुका घेऊ नये, मग तो कोणीही असो. लसी मात्र इसबामुळे थांबवू नका, आमच्या आशाताईंनीही तेच सांगितलं, नऊ महिन्यांचा गोवराचा डोस वेळेवर झाला, काही झालं नाही.

जेवणाचं. डॉक्टरांनी माझं पथ्य त्याच दिवशी सोडायला लावलं. आईने अमुक तमुक सोडून इसब बरा होत नाही, म्हणाल्या, उलट तुमचं अंग झिजते. घरी आल्यावर मी पहिल्यांदा वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ली, सासूबाई रात्रभर पोराचं अंग पाहत होत्या. काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच ताक आणून दिलं मला. खरी खाण्याची ॲलर्जी वेगळी दिसते, खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत पित्ताच्या गांध्या, ओठ-डोळे सुजणे, उलट्या, घरघर. असं झालं तर तो एकच पदार्थ बंद आणि डॉक्टरकडे. अंदाजाने दहा पदार्थ बंद करायचे नाहीत.

मला सगळ्यात आश्चर्य दाण्यांचं वाटलं. मला वाटायचं इसबाच्या लेकराला दाणे म्हणजे विष. उलट आहे. इस्राएलमध्ये लेकरांना लहानपणापासून दाण्यांचे कुरकुरे खाऊ घालतात आणि तिथे दाण्यांची ॲलर्जी फार कमी, तर तेच ज्यू लोक इंग्लंडमध्ये राहतात, दाणे टाळतात, त्यांच्या लेकरांत दहापट. यावरून लंडनमध्ये ६४० लेकरांवर प्रयोग झाला, चार ते अकरा महिन्यांची, सगळ्यांना जबर इसब किंवा अंड्याची ॲलर्जी. अर्ध्यांना दाणे चालू केले, अर्ध्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत बंद. २०१५ मध्ये निकाल आला, ज्यांना बंद ठेवले त्यांच्यातल्या सुमारे १७ टक्के लेकरांना दाण्याची ॲलर्जी झाली, ज्यांना दिले त्यांच्यात ३ टक्क्यांच्या आसपास. फुटलेल्या चामडीतून दाणे आत गेले तर शरीर त्याला दुश्मन समजते, आणि तोंडातून, पोटातून गेले तर ओळख होते. म्हणून दाण्याचं तेल अंगाला नाही आणि दाण्याचा कूट पोटात हो. डाळीच्या पिठाचं आणि सायीचं उटणं बंद करण्याचं हेही एक कारण.

पण कसं द्यायचं ते जपून. अख्खा दाणा किंवा तुकडा पाच वर्षांच्या आतल्या लेकराला द्यायचाच नाही, श्वासनळीत जातो. भाजून, साल काढून, मिक्सरमधून एकदम बारीक कूट, कोमट पाण्यात कालवून पातळ. इसब जास्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. आम्ही पहिल्यांदा त्यांच्या दवाखान्यातच दिलं, चमच्याच्या टोकावर, मग दोन तास बाहेर बाकावर बसून राहिलो, तो दिवस मला पोराच्या बारशापेक्षा मोठा वाटला. काही झालं नाही. आता आठवड्यातून तीनदा, दोन चहाचे चमचे कूट ज्वारीच्या पिठाच्या पातळ खिरीत. अंड्याचंही असंच आहे म्हणतात, पण आमच्या घरी माळ आहे, अंडं चुलीवर चढत नाही, डॉक्टर म्हणाल्या जे घरात खाता ते सगळं हळूहळू द्या. तर मुगाचं वरण-भात, तूप, गव्हाचा शिरा, दही, तिळाचा कूट, सगळं दिलं, दर तीन-चार दिवसांनी एक नवीन. मीठ-साखर, मध एक वर्षाच्या आत नाही, आणि पोटभर प्यायला गाई-म्हशीचं दूधही वर्षाच्या आत नाही, माझंच.

फेब्रुवारीत मृग बहाराचा संत्रा आला, यांनी मोर्शीवरून आणला, एक फोड चोखायला दिली आणि तोंडाभोवती लाल चट्टे. सगळे घाबरले, संत्रा बंद म्हणाले. ती ॲलर्जी नव्हती, आंबट रस फुटक्या चामडीला झोंबला. तेव्हापासून जेवण्याआधी तोंडाभोवती, हनुवटीला, मानेच्या घडीत जेलीचा थर लावते आणि मग काय खायचं ते खाऊ देते. दात येताना लाळेने जे लाल व्हायचं तेही याने थांबलं. डब्याचा हा उपयोग मला सगळ्यात जास्त आवडला, आणि कोणी सांगितला नव्हता.

पैशाचं पाहिलं तर महिन्याला चारशे-पाचशे ग्राम जेली लागते, ते मजुरीच्या एका दिवसापेक्षा थोडं जास्त, पण क्रीम-लोशन तेवढंच लावलं असतं तर आमच्याने झालंच नसतं. आता अंग चांगलं असल्यावर अर्धीच लागते. बंद करत नाही. डॉक्टर म्हणाल्या बऱ्याच लेकरांचं शाळेत जायच्या वयापर्यंत कमी होते, तोपर्यंत लिपत राहायचं. बाकी नखं दर तीन दिवसांनी कापते, झोपल्यावरच, आणि लोकरीचं टोपरं सरळ अंगावर नाही, आत सुती घालूनच.

आमच्या गावच्या दुकानात आधी फक्त छोट्या डब्या यायच्या, ओठ फुटले की घ्यायच्या त्या. आता तो मोठे डबे ठेवतो, माझ्यामुळे दोन घरं अजून घेतात, एक मालिशवाल्या आजीच्या नातीच्या घरी. आजी आता कोमट पाण्याने न्हाऊ घालते आणि शेवटी स्वतः विचारते, "कुठी हाय वं तो चोपडायचा डबा?" थंडी लागायच्या आधी दोन डबे आणून ठेवा, आमच्याकडे दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की एका रात्रीत गाल फुटतात.